गोशाळेतली मेलेली गाय गिधाडांना चालते का? कोणतं इंजेक्शन दिलेलं असेल तर नाही?

गोशाळा_रामटेकरोड

नमस्कार मंडळी. रामटेक रोडवरची लहान गोशाळा आहे. ऐंशीच्या आसपास जनावरं, त्यातली अर्धी म्हातारी नाहीतर अपघातातली. महिन्याला दोन-तीन जातातच. आतापर्यंत जेसीबी बोलावून पुरत आलो. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबीच फसतो, तेव्हा फार हाल होतात. पेंच व्याघ्र प्रकल्पात गिधाडं आणल्यापासून समितीत विषय निघाला आहे, की मेलेलं जनावर पुरण्यापेक्षा गिधाडांसाठी ठेवावं.

विचारायचं असं, की कोणतं औषध दिलेलं जनावर ठेवायचं नाही आणि किती दिवस नाही? जागा कशी लागते? समितीतले एक काका म्हणतात, "गाईचं दुखणं थांबवणारं औषध पाखराला कसं मारेल? विष थोडंच आहे ते!" त्यांना पटेल असं कुणी समजावून सांगा.

---

गोठ्यातला_डॉक्टर

काकांपासून सुरुवात करतो, कारण त्यांना पटलं नाही तर बाकीचं कुणी पाळणार नाही.

पक्ष्याची लघवी आपल्यासारखी पातळ नसते. शरीरातला नको असलेला नत्र तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतो. विष्ठेत पांढरा चुन्यासारखा भाग दिसतो ना, तोच. डायक्लोफेनॅक, म्हणजे काका म्हणतात तसलं दुखणं थांबवणारं औषध, पोटात गेलं की गिधाडाचं मूत्रपिंड हे युरिक ॲसिड बाहेर काढू शकत नाही. ते रक्तात साचतं आणि त्याचे खडे काळीज (यकृत), हृदय, आतड्यांवर बसतात. असं गिधाड फाडलं तर आतले अवयव पांढरी भुकटी शिंपडल्यासारखे दिसतात. खाल्ल्यापासून साधारण दोन दिवसांत खेळ खलास. गाईचं शरीर हे औषध पचवून बाहेर टाकतं, माणसाचंही टाकतं, म्हणून आपल्याला ते विष वाटत नाही.

मात्रा किती लागते? पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरते. पाच किलोचा पक्षी धरला तर अर्धा ते एक मिलिग्रॅम. माणसांच्या दुकानात मिळणाऱ्या ३ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये ७५ मिलिग्रॅम असतं. काकांना हा हिशेब कागदावर करून दाखवा.

आता औषधं. बाटलीवरचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा.

डायक्लोफेनॅक: जनावरांसाठी २००६ पासून बंद.
ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन: जनावरांसाठी २०२३ पासून बंद.
निमेसुलाइड: जनावरांसाठी २०२४ च्या शेवटी बंद.
फ्लुनिक्सिन: दुकानात दिसलं तरी घेऊ नका. स्पेनमध्ये २०१२ साली मेलेल्या गिधाडात हे सापडलं होतं, आणि आत तेच पांढरे खडे.
कार्प्रोफेन, फिनाइलब्युटाझोन: गिधाडांच्या पट्ट्यात नकोच.

चालतात ती दोन: मेलोक्सिकॅम आणि टोलफेनॅमिक ॲसिड. गिधाडांवर चाचणी होऊन सुरक्षित ठरलेली हीच.

"मेलोक्सिकॅमने गुण येत नाही" ही तक्रार गावोगावी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच, मात्रा कमी पडलेली असते. ४०० किलोच्या गाईला डायक्लोफेनॅक १६ मिली लागायचं, म्हणून हाताला पंधरा-सोळा मिली भरायची सवय. मेलोक्सिकॅम किलोला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच गाईला २०० मिलिग्रॅम. बाटली ५ मिलिग्रॅम प्रतिमिलीची असेल तर ४० मिली झाले! तिथे पंधरा मिली टोचून "औषध बेकार आहे" म्हणायचं. २० मिलिग्रॅम प्रतिमिलीची बाटली मागा, १० मिलीत काम होतं. पातळ बाटलीच हाती असेल तर चाळीस मिली एका जागी टोचू नका, तीन-चार ठिकाणी वाटून द्या, नाहीतर गाठ येते. घाईचं दुखणं असेल तर शिरेतून, आणि तेही डॉक्टरच्याच हातून. दिवसातून एकदा, साधारण तीन दिवस.

टोलफेनॅमिक स्नायूत किलोला २ मिलिग्रॅम. बाटली ८० मिलिग्रॅमची असेल तर वरच्याच गाईला १० मिली. महाग पडतं, पण सूज लवकर उतरते.

किती दिवस थांबायचं: निरोगी गाईच्या शरीरातून डायक्लोफेनॅक तीन दिवसांत जवळजवळ निघून जातं असं प्रयोगात दिसलं आहे. पण तुमची गाय निरोगी नाही. ती मरायला टेकलेली, काळीज-मूत्रपिंड थकलेली. माझा नियम दहा दिवसांचा. दहा दिवसांत वरच्या यादीतलं काहीही टोचलं असेल किंवा काय टोचलं हेच माहीत नसेल, तर ते जनावर सरळ पुरायचं. औषध काळजात, मूत्रपिंडात आणि टोचलेल्या जागच्या मांसात सर्वांत जास्त असतं. "तेवढा भाग काढून टाकू" असले उद्योग करू नका.

---

महाल_ते_सिल्लारी

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं. काकांना मी आकडेमोडीने गाठतो, कारण या प्रकरणातला खरा चटका आकड्यांतच आहे.

एकेकाळी पांढऱ्या पाठीचं गिधाड जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणलं जायचं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्यांची संख्या ९९.९ टक्के घटली. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं मिळून सुमारे ९७ टक्के. त्यासाठी किती मेलेल्या जनावरांत औषध असावं लागलं असेल? निम्म्या? दहा टक्के? संशोधकांनी गणित मांडलं तर उत्तर आलं १ टक्क्याच्याही आत. शंभरातलं एक जनावर!

त्याचं कारण गिधाडाच्या जेवणात आहे. गिधाडं पंगतीत जेवतात. एका सांगाड्यावर पन्नास-साठ उतरली आणि त्यात औषध असलं तर पंगतच्या पंगत गेली. शिवाय हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेतो. कोंबडीसारखी भरपाई नाही.

आता विचार करा, औषध टोचतात कोणत्या जनावराला? धडधाकटाला नाही. जे बसलं, उठेना, त्याला. आणि तेच दोन दिवसांत मरतं. म्हणजे गावात शंभर जनावरांतल्या पाचांनाच सुई लागत असली तरी ती पाच नेमकी गिधाडाच्या ताटात येणारी. म्हातारी जनावरं शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या गोशाळेत तर हे प्रमाण आणखी वाढतं. तुम्हाला बोल लावत नाही. पण जिथे गाईवर माया जास्त तिथल्या मढ्यात औषध सापडायची शक्यताही जास्त, हे खरं.

पांढऱ्या पाठीचं गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यावर बंदूक रोखली तर तुरुंग. मारलं मात्र सुईने, आणि ती सुई धरणाऱ्या हाताला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण पुण्य करतोय. रामटेकला दर्शन घेऊन जटायूची गोष्ट सांगायची आणि खाली उतरून गोठ्यात डायक्लोफेनॅक टोचायचं, हे आपण दहा-पंधरा वर्षं बिनबोभाट केलं.

कारण कळलं ते २००४ साली, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. त्याआधी विषाणू, कीटकनाशक, उपासमार, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. बंदी २००६ ची. मग काय झालं? जनावरांची बाटली बंद झाली तर माणसांची ३० मिलीची मोठी बाटली गोठ्यात आली. एका बाटलीत दीड-दोन गाई! म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही ३ मिलीच्या एकाच मात्रेची सक्ती झाली. आता एका गाईला सहा अँप्यूल फोडावे लागतात. कंटाळा यावा हाच तिथे उपाय.

त्याहून गंमत ॲसिक्लोफेनॅकची. नाव वेगळं, डबा वेगळा, डायक्लोफेनॅकवरच्या बंदीत बसत नाही. पण गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. ज्या औषधावर बंदी, ते आता गाय स्वतःच तयार करून देते. हे कळल्यावरही त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. आणि स्पेनने २०१३ मध्ये, म्हणजे आपण हात पोळून घेतल्यावर सात वर्षांनी, जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. युरोपातली सर्वाधिक गिधाडं तिथेच आहेत.

---

झिंगाबाईटाकळीकर

सगळं ठीक आहे भाऊ, पण नागपुरात गिधाडं आहेत कुठे? पेंचमध्ये पाच-दहा पक्षी, त्यांच्यासाठी ऐंशी जनावरांचं रजिस्टर ठेवायचं? पुरून टाका नं. गिधाडं नाहीत म्हणून कुणाचं काय अडलं?

---

महाल_ते_सिल्लारी

अडलं नं भाऊ. मढी संपली नाहीत, खाणारा बदलला. गिधाडं गेल्यावर भारतात कुत्री सुमारे ५५ लाखांनी वाढली असावीत आणि त्यामुळे १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८,००० माणसं जास्त दगावली, असा एक अंदाज आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात २००० ते २००५ या काळातले गिधाडांअभावी झालेले जादा मृत्यू सुमारे पाच लाख धरले आहेत. यात कुत्र्यांसोबत सडक्या मढ्यांनी नासलेलं पाणीही येतं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की मढ्यातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. कुत्रा ते पोटात आणि दातांवर घेऊन वस्तीत येतो.

गाईचं दुखणं काही पैशांत थांबवलं, त्याची किंमत माणसांनी रेबीजच्या सुयांत मोजली.

आणि "पाच-दहा पक्षी" म्हणाल तर गिधाड हद्द पाळत नाही. म्हणून गिधाड-सुरक्षित क्षेत्र १०० किलोमीटर त्रिज्येचं धरतात, म्हणजे ३१ हजार चौरस किलोमीटर. पेंचच्या सिल्लारी गेटला टोक ठेवून कंपास फिरवा: रामटेक, सावनेर, भंडारा, तिकडे सिवनी आणि अख्खं नागपूर शहर आत येतं. तुमची टाकळीसुद्धा.

---

हाडं_आणि_पिसं

जागेबद्दल कुणी बोललंच नाही, आणि तिथेच सगळे चुकतात. उघड्या पडीत जनावर नेऊन टाकलं तर पहिल्या रात्री कुत्री येतात, दुसऱ्या दिवशी पन्नास कुत्री. गिधाड खाली उतरतच नाही. गडचिरोली जिल्ह्यात आणि रायगडमध्ये फणसाडला वनविभागाने गिधाडांची उपाहारगृहं चालवली आहेत. लोक हसतात या शब्दाला, पण त्याला शिस्त लागते.

गोशाळेच्या मागच्या वावरात हे करू नका. आधी वनविभागाशी बोला, जागा ते ठरवतील; तुम्ही स्वच्छ जनावर पुरवा. १९२६ वर फोन केला तर योग्य वनपरिक्षेत्रापर्यंत निरोप पोचतो. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावर सोलायला किंवा मढी टाकायला विमान नियमांत मनाई आहे, त्यामुळे सोनेगावच्या आसपासच्या गोशाळांनी हा विषय सोडूनच द्यावा.

जागा बघताना पहिल्यांदा वर बघा. विजेची तार, डीपी, मोबाइल टॉवर दिसला की पुढे चला. पोट भरलेलं गिधाड जड असतं, उडताना लांब धावतं आणि खालूनच तिरकं वर चढतं. तार मध्ये आली की संपलं. ताडोब्यात सोडलेलं एक पांढऱ्या पाठीचं गिधाड हजारो किलोमीटर फिरून तमिळनाडूत गेलं आणि तिथे विजेचा धक्का बसून मेलं. हरयाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून ते २०२४ मध्ये इकडे आणलं होतं. विषापासून वाचवून मोठं केलं आणि तारेने गेलं. माळढोकाचंही तेच चाललंय. राजस्थानात स्वच्छ ऊर्जेसाठी पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले, त्यांच्या तारांवर आपटून तो मरतो.

असो. कुंपण: साखळीची जाळी सहा फूट वर आणि एक फूट जमिनीत पुरलेली, नाहीतर कुत्रं खालून उकरतं. वरून पूर्ण उघडं. आतली जागा निदान एकरभर, मधोमध झुडूप नको. लहान जागेत गिधाडाला धावायला मिळत नाही, ते जाळीत अडकतं आणि मग कुत्र्याचं काम सोपं. जवळ मोठी झाडं हवीत, अर्जुन, आंबा, बेहडा असली. गिधाड आधी तासन् तास बसून बघतं, मग उतरतं. एक उथळ टाकं पाण्याचं. जेवल्यावर गिधाडं आंघोळ करतात.

जनावर ठेवण्याआधी वेसण, दावं, कानातला बिल्ला, पायातली नायलॉन दोरी सगळं काढा. दोरी गिधाडाच्या पंजात अडकते. गोशाळेच्या गाईच्या पोटात प्लास्टिकचा गोळा निघणार हे धरूनच चाला. कोथळा वेगळा काढून पुरा, नाहीतर आठवड्यात कुंपणभर पिशव्या उडतात.

आणि कातडी. गाईची जाड कातडी गिधाडाला फाडता येत नाही. अख्खं जनावर ठेवलं तर डोळे आणि मागची बाजू सोडून कुठून आत शिरता येत नाही, तोवर मढं फुगतं, सडतं, कावळे आणि माश्या होतात. पूर्वी कातडी सोलणारी माणसं आधी यायची आणि मग गिधाडांची पंगत बसायची. कातडी काढलेलं जनावर मोठा थवा तासाभरात हाडांपर्यंत आणायचा. सोलणं होणार नसेल तर निदान पोटाच्या आणि मांड्यांच्या बाजूने लांब चिरे द्या.

एका अपवादासह: जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर न गोठणारं रक्त येतंय, पोट झपाट्याने फुगलं, तर चिरा द्यायचा नाही, हातही लावायचा नाही. काळपुळी असू शकते. अँथ्रॅक्सचे जंतू हवा लागली की कवच धरतात आणि मातीत वर्षानुवर्षं राहतात. सरकारी डॉक्टरला बोलवा, तो सांगेल तिथे चुना घालून खोल पुरा. कपाशीच्या हंगामात तोंडाला फेस येऊन मेलेला बैलही नको, बहुतेक वेळा फवारणीचं औषध असतं. आणि झोपेचं इंजेक्शन देऊन शांत केलेलं जनावर कधीच नको. पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन मढ्यात टिकून राहतं, खाणारा पक्षी झोपेतच जातो.

---

गोशाळा_रामटेकरोड

खूप धन्यवाद सगळ्यांना. काकांनी हिशेब वाचला, गप्प आहेत. दोन अडचणी राहिल्या. रात्री डॉक्टर येत नाहीत तेव्हा गावातले एक दादा टोचून जातात, त्यांच्या पिशवीत काय असतं ते आम्हाला कळत नाही. आणि दुकानदार म्हणतो, "हे मेलोक्सिकॅमच आहे, नुसतं प्लस आहे." घ्यावं का?

---

गोठ्यातला_डॉक्टर

प्लस म्हणजे अजून एक काहीतरी. ते काहीतरी काय, ते वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका. मेलोक्सिकॅमसोबत पॅरासिटामॉल घातलेल्या बाटल्या सर्रास मिळतात. माझं मत, गिधाडांच्या पट्ट्यात एकच घटक असलेली साधी बाटली बरी; दहा दिवसांचा हिशेबही सरळ राहतो. जुनी बाटली घेत असाल तर तारीख बघा. बंदीआधीचा निमेसुलाइडचा माल फडताळात मागे पडून असतो आणि सवलतीत खपवला जातो.

दादांवर चिडू नका, त्यांना औषध तुम्हीच द्या. गोशाळेच्या कपाटात २० मिलिग्रॅमच्या मेलोक्सिकॅमच्या दोन बाटल्या, सिरिंज, १८ नंबरच्या सुया ठेवा आणि सांगा, आमच्या जनावराला आमच्याच कपाटातलं टोचायचं. पिशवीतल्या औषधाचा प्रश्नच उरत नाही. टोचल्यावर रिकामं अँप्यूल किंवा बाटलीचं झाकण टोपलीत टाकायला लावा. ३ मिलीचे पाच-सहा फुटके काच अँप्यूल एकदम दिसले तर काय झालं ते न विचारता कळेल.

रजिस्टरला सहा रकाने पुरे: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, तारीख, घटकाचं नाव, किती मिली, कुठे टोचलं, कुणी. शेवटच्या सुईच्या दिवशी जनावराच्या गळ्यात लाल सुती दोरी बांधा, दहा दिवसांनी सोडा. लाल दोरी गळ्यात असताना गेलं तर खड्डा. जेसीबीचालकाला वाचता येत नसलं तरी दोरी दिसते. मेलोक्सिकॅमलाही दोरी बांधा, म्हणजे कोणतं औषध दिलं यावर वाद होत नाही. तुमची संख्या बघता महिन्याकाठी एखादंच जनावर गिधाडांसाठी निघेल. तेवढंच निघू द्या.

खड्डा पावसाळ्याआधी, मे महिन्यातच दोन तयार खणून ठेवा, सात-आठ फूट खोल, विहिरीपासून लांब, मुरमाच्या जागी. भोवती बांध घाला म्हणजे पाणी भरणार नाही, आणि काटेरी कुंपण, जिवंत जनावर पडायला नको. पुरल्यावर चुना आणि वर किमान चार फूट माती.

---

हाडं_आणि_पिसं

रजिस्टरला पेन दोरीने बांधून ठेवा. मध्यरात्री पेन सापडत नाही म्हणूनच नोंद राहते.